फुलावरचा सौदा

इस्माईल, तुझा फ्लेक्स लागला. नेकनूरच्या बसस्टँडसमोर, ज्या लिंबाखाली तू हातगाडा लावायचास त्याच्याच फांदीला. ‘फळसम्राट कै. इस्माईलभाई बागवान यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ तुझा फोटो आधारकार्डावरचा आहे, त्यामुळे तू कुठल्या तरी गुन्ह्यात सापडल्यासारखा दिसतोस. तुझ्या दुप्पट आकाराचे आमचे भावी सभापती हात जोडून हसतायत आणि खाली सोळा कार्यकर्त्यांची मुंडकी आहेत. ‘कै.’ लिहून त्यांनी तुला परस्पर कैलासात पाठवलंय. तू असतास तर विचारलं असतंस, “तिथं सीताफळं लागतात का बे?”

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुझं वय, गाव, पाठीमागे कोण कोण, हे पेपरात आलं आहे. त्यात दोन चुका आहेत. मी दुरुस्त करायला गेलो नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तेही एकाच विषयावर, जो आपण सहा वर्षांपूर्वी अर्धा सोडला.

पण त्याआधी शेळ्या. रोज दुपार कलली, असरच्या नमाजेची वेळ झाली की तू गाड्यावर ओलं पोतं टाकायचास आणि मशिदीकडे निघताना मला हाक मारायचास, “काय बे लायब्ररी, बस जरा.” कॉलेजच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं काढली, पण गावात ते नाव मला तुझ्यामुळे चिकटलं. मी पुस्तक घेऊन तुझ्या स्टुलावर बसायचो. एकदा मी तुला विचारलं होतं, “सगळा भरवसा अल्लावर आहे म्हणतोस, मग मला पहाऱ्याला कशाला बसवतोस?”

“अल्लावर भरवसा हाय,” तू म्हणालास. “बसस्टँडवरच्या शेळ्यांवर न्हाई.”

निम्मी पुस्तकं मी तिथं वाचली असतील. प्रत्येकात कुठे ना कुठे केळ्याचा डाग आहे.

आपली सीताफळाची बाग माझ्या वडिलांच्या वेळेपासून तूच घ्यायचास. ‘आपली’ म्हणालो, राहू दे तसंच. तुझी रीत साऱ्या डोंगरपट्ट्याला माहीत होती आणि साऱ्यांना ती वेडेपणाची वाटायची. आमच्याकडे सीताफळाची बाग फुलावर विकतात. झाड फुललं की व्यापारी येतो, बांधावरून एक चक्कर मारतो आणि सगळ्या बागेचा एकरकमी सौदा ठरवतो. पुढे पाऊस पडो न पडो, फळ धरो न धरो, ज्याचं त्याचं नशीब. तू फुलाकडे बघायचासदेखील नाहीस. फळ धरलं, मोठं झालं, त्याचे डोळे उघडले, म्हणजे सालीवरच्या फुगवट्यांमधल्या चिरा रुंद होऊन पिवळसर दिसायला लागल्या, की मग तू यायचास. तेव्हाही भावाचा शब्द नाही. बागेतून एक फळ तोडायचं. आमच्या घरी ज्वारीच्या कोठीत ठेवायचं. तीन-चार दिवसांनी ते मऊ झालं की ओसरीत बसून दोघांनी अर्धं अर्धं खायचं, बिया एकाच बशीत टाकायच्या, आणि मग भाव.

“हे नाटक कशाला?” मी म्हणायचो.

“तू पुस्तक घेताना पानं चाळतोस का न्हाई? का पुठ्ठा बघून पैसे देतोस?”

ही रीत तुझ्या अंगात जन्मापासून नव्हती, हे मला माहीत आहे, कारण मी त्या ट्रकमध्ये तुझ्या शेजारी बसलो होतो. तुझं लग्न नुकतंच झालं होतं. त्या वर्षी पुण्याच्या बाजारात पहिल्या मालाला म्हणे सोन्याचा भाव होता. तुझे वडील सांगत होते, आठ दिवस थांब, डोळे उघडले नाहीत. तू म्हणालास, आढीत घातलं की उघडतील. तू ट्रकभर फळ उतरवलंस, मला पुणं बघायचं होतं म्हणून मी बरोबर आलो. तिथल्या अडत्याने एक फळ हातात घेतलं, दाबलं आणि आपल्याकडे असं बघितलं की मला गॅझेटियरमधली आपल्या दुष्काळी, मागास जिल्ह्याची सगळी वर्णनं आठवली. गवतात घाल, पोत्यात घाल, ते फळ पिकलंच नाही. काळं पडलं आणि दगड झालं. ट्रक परत आणून आपण नदीच्या पात्रात ओतला. ओतताना दगड ओतल्यासारखाच आवाज झाला. तुझे वडील काठावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, “त्यानं दिलं नव्हतं. तू ओढून घेतलंस.”

त्यानंतर तू नमाजेला जायला लागलास. मी तुला चिडवायचो, की एका ट्रकच्या भाड्यात तुला देव स्वस्त पडला. तू हसायचास. एकदाच गंभीर झालास. मी विचारलं होतं, “मग, हाव गेली का?”

“जाती कुठं! रोज सकाळी माझ्याआधी गाड्यावर हजर. मी म्हणतो, बस बाई. देणारा दुसरा हाय, तुझा न् माझा दोघींचा... दोघांचा. तिला बसवून ठेवायचं म्हंजेच तवक्कुल, त्याच्यावरचा भरवसा. आमचे मौलाना लई मोठं करून सांगतात, पण गाड्यावर एवढंच लागतं.”

फुलावरच्या सौद्याबद्दल मी तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडलो. तुमच्या कायद्यावरचं एक जाडजूड पुस्तक मागवून वाचलं, त्यात कुठे कुठे सवलत आहे त्या पानांवर खुणा करून तुला दाखवल्या. तू म्हणालास, “तू वाचतोस ते पळवाटा शोधायला. आमच्यात मनाई हाय बे. जे आलंच न्हाई ते इकायचं न्हाई, घ्यायचं न्हाई.”

“पण कावून?” मी तुझ्याच भाषेत विचारलं.

“आता बघ. मी तुझी बाग फुलावर घेतली. माझ्या मनात काय येणार? लई फळ लागावं, आन् ह्याला मी कमी दिलंय ते कळू नये. तुझ्या मनात काय? फळ गळालं तर गळू दे, आपले पैसे तर आले. दोघं चार म्हैने एकमेकाचं वाईट चिंतीत बसायचं. रोज च्या मात्र एकत्र प्यायचा! त्यापरीस गप बसावं. देऊ दे त्याला, मग बघू.”

याला माझ्याकडे उत्तर होतं. तू फळाचे डोळे उघडायची वाट बघतोस, तोवर सगळ्या चांगल्या बागा फुलावरच जातात आणि तुला उरलंसुरलं मिळतं, हे मी तुला सोदाहरण पटवून दिलं. तू ते नाकारलं नाहीस. “हां, कमी मिळतं,” म्हणालास, आणि एका बाईला पपई कापून दाखवायला वळलास.

आता त्या वर्षाचं. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि मला माडीवर पुस्तकांची खोली हवी होती. हाव म्हटली की लोकांना सोनंनाणं आठवतं. माझी हाव कापडी बांधणीची होती, म्हणून मला ती ओळखू आली नाही. झाडं फुलली होती. बाहेरगावच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने ‘शेतकरी सन्मान सोहळा’ ठेवला. मांडव, माईक, स्वागतगीत. व्यासपीठावर प्रत्येकाला शाल पांघरून नारळ द्यायचे. ती शाल अशी, की हिवाळ्यात ऊब देत नाही आणि उन्हाळ्यात घामही टिपत नाही. नारळाच्या खालून इसार हातात पडायचा. आयुष्यभर असल्या सोहळ्यांची टिंगल केलेला मी रांगेत उभा राहिलो आणि माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा, तुला म्हणून सांगतो, मला बरं वाटलं.

तुला मी सांगितलं, “धाकट्या भावाने परस्पर दिली बाग. मला विचारलंच नाही.” तू “बरं” म्हणालास आणि केळ्याचे घड नीट लावत राहिलास.

त्या वर्षी जुलैत पावसाने ओढ दिली. फुलं गळाली. बागेत फळ औषधाला उरलं. हंगाम संपता संपता मी तुझ्या गाड्यावर येऊन अक्षरशः विजयी भाषण केलं. “तुझं ऐकलं असतं तर मी उघडा पडलो असतो. आता बोल.”

तू बोललास. “मग जे झाडाला लागलंच न्हाई, त्याचे पैसे तू कुणाचे घेतलेस बे?”

“त्या शालवाल्याचे. त्याला काय कमी आहे?”

“त्याचेच ना?” तू म्हणालास. “बघ बरं.”

तेवढ्यात अजान झाली. तू पोतं टाकलंस आणि गेलास. आपलं भांडण तिथं राहिलं. परत आल्यावर तू तो विषय काढला नाहीस, आणि मी कशाला काढतो?

तुझ्या जियारतला, तिसऱ्या दिवशी, मी तुझ्या घरासमोरच्या मांडवात बसलो होतो. शेजारी तुझा दगडू येऊन बसला. नांदूरघाटचा दगडू, जो पाच वर्षं हंगामात तुझ्याबरोबर आमच्या बागेत फळ उतरवायला येतो, आमच्या ओसरीत चहा पितो. त्याला रडू आवरत नव्हतं. मी म्हणालो, “दगडू, तू इस्माईलकडे कधीपासून रे?”

“तुमची बाग घेतलती ना मी, तवापून.”

“माझी बाग? तू?”

“त्या सन्मानवाल्या सायबानं फुलावर घेतली, आन् फुलावरच पंधरा दिवसांत मला पुढं दिली. जास्तीनं. मला वाटलं लई फळ लागंल. पाट्या घेऊन गेलतो तर चार पाट्या भरल्या न्हाईत. बसलो झाडाखाली. इस्माईलचाचा बागेकडं सहज आलते. बघितलं. म्हणले, ऊठ, आधी भाकर खा. मग म्हणले, गाड्याला दुसरा हात लागतो, चल.” आणि मग त्याने घाईघाईने जोडलं, “तुमाला सांगू नको म्हणलते. लायब्ररीला वाईट वाटंल म्हणले.”

‘बघ बरं’ म्हणताना तुला हे माहीत होतं. पाच वर्षं तुम्ही दोघांनी माझ्या ओसरीत बसून माझ्या समोर हे झाकून ठेवलंत. तोटा सोसला त्याने आणि वाईट मला वाटू नये म्हणून जपलंस तू. इस्माईल, मला याचा राग आला. अजूनही थोडा आहे. मला सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं, असं मी मनाशी म्हणतो. खरं म्हणजे मी तेव्हा माडीच्या फरशीचा रंग निवडत होतो.

म्हणून मी तिथून उठून थेट खैरूनभाभीच्या दाराशी गेलो. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतमध्ये आहे, घराबाहेर यायची नाही, पडद्याआडून बोलते. मी ओट्यावर बसलो. तुमचं वर्ष या हंगामावर निघतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. म्हणालो, “भाभी, यंदाची बाग तुमची. दगडू उतरवेल. आत्ताच बोलून टाकू, म्हणजे तुम्हाला घोर नको.”

“डोळे उघडले का, भाऊ?”

“अजून आठ-दहा दिवस.”

“मंग आज काय बोलायचं? झाडावर काय हाय ते अजून त्यालाच ठाऊक.”

“पाऊस आला, फळ काळं पडलं, तर तुमची अडचण होईल. शब्द झालेला बरा.”

“आन् फळ काळं पडलं तर माझ्या मनात येणार, भाऊनं मला गळ्यात मारलं. चांगलं निघालं तर तुमच्या मनात येणार, भाभीनं स्वस्तात नेलं. एवढ्यात असलं कशाला मनात आणायचं?” मग ती म्हणाली, “च्या घ्या.”

मला विचारायचं होतं, मी दुसऱ्या कुणाला दिली तर? तिने ते विचारलं नाही आणि मला विचारू दिलं नाही. गरज तिची होती, नवरा जाऊन तीन दिवस झाले होते, भावी सभापती नुसतं ‘मी आहे’ म्हणून गेले होते, आणि हातात आलेला शब्द ती परत करत होती. मी नास्तिक माणूस. माझ्या नास्तिकपणाला तू ‘लायब्ररीचा आजार’ म्हणायचास. पण त्या ओट्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की या घरात काहीतरी माझ्यापेक्षा टणक आहे आणि ते पुस्तकांनी केलेलं नाही.

चार दिवसांनी शालवाले आले. पांढरी गाडी, नवी शाल. “सर, आता तर फळ दिसतंय.” ‘मग मनाई कसली?’ असं ते म्हणाले नाहीत, पण मला तसं ऐकू आलं. त्यांनी सांगितलेला आकडा मोठा होता. “पावसाचा अंदाज वाईट आहे, सर. आज दिली तर पाऊस माझा, उद्या दिली तर तुमचा.” हे अगदी खरं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो. आणि मी खरोखरच विचार केला, पूर्ण दोन दिवस. तुझ्यापासून लपवत नाही.

त्यात पाऊस आला. चार दिवस धरला. पहिल्या शालीच्या पैशांतली माझी माडी गळते, हे तुला माहीतच आहे; पहिल्या पावसाळ्यातच तू वर येऊन छताकडे बघत “फुलावर बांधलंस वाटतं” म्हणाला होतास. मी पुस्तकांवर प्लास्टिक टाकत होतो, कपाटं भिंतीपासून ओढत होतो, बादल्या सरकवत होतो आणि मनात डोंगरावरची झाडं होती. एका सौद्यात छत नीट झालं असतं. फोन वाजला. शालवाले.

“बाग द्यायची नाही,” मी म्हणालो.

ते संध्याकाळी पावसात स्वतः आले. “कुणाला शब्द दिलाय का?”

“नाही.”

“इसार घेतलाय?”

“नाही.”

“मग अडचण काय आहे?”

इतकी वर्षं वाचलेलं काही कामाला येईना. शेवटी तोंडातून निघालं, “आमच्यात मनाई आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे, कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं. मग पुन्हा माझ्याकडे. शाल घेऊन गेले.

याचा अर्थ मी भाविक झालो असा काढू नकोस, तुला ती घाई नेहमीच होती. त्या चार दिवसांत मी कोणावर भरवसा ठेवला हे मला नीट सांगता येत नाही. देवावर नसावा. तुझ्यावर म्हणावं, तर तू नव्हतास. दर तासाला मी बादली रिकामी करायला उठायचो आणि खिडकीतून डोंगराकडे बघायचो. भरवशात एवढी उठबस असते हे तू कधी बोलला नाहीस. का तुलाही राहवायचं नाही, आणि तू केळी लावत बसायचास?

पाऊस उघडल्यावर दगडूला घेऊन बागेत गेलो. खालच्या फांद्यांचं फळ काळं पडलंय, उताराच्या बाजूची ओळ गेल्यात जमा आहे. बाकी बाग आहे. वरच्या बाजूला डोळे उघडले होते. दगडू एकदम तोडायला धावला नाही, माझ्याकडे बघत थांबला. मी एक फळ तोडलं. ज्वारीच्या कोठीत ठेवलं. रोज तीनदा दाबून बघितलं, तू करू देत नसायचास तसं.

काल ते मऊ झालं. घेऊन भाभीच्या ओट्यावर गेलो. पडद्याखालून फळाची बशी आत सरकवली. मग मी जे तुला सांगायचं होतं ते तिला सांगितलं. “भाभी, त्या वर्षी बाग माझ्या भावाने नव्हती दिली. मीच दिली होती. इस्माईलशी मी खोटं बोललो.”

पडद्याआड ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा असावी.

“भाऊ, तुमचा भाऊ तवाच गाड्यावर येऊन त्यांना इचारत होता, ‘आमच्या दादानं बाग कुणाला दिली हो?’ घरी येऊन सांगत होते. जेवताना ठसका लागला हसून हसून.”

सहा वर्षं, इस्माईल. सहा वर्षं मी ते खोटं सांभाळलं, त्याला खतपाणी घातलं, आणि तुला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तरी दरवर्षी डोळे उघडले की तू आमच्या ओसरीत आलास, अर्धं फळ माझ्यापुढे ठेवलंस.

पडद्याखालून बशी बाहेर आली. त्यात अर्धं फळ होतं.

“त्यांच्या वाटणीचं मी घेतलं,” ती म्हणाली. “हे तुमचं. खा, मंग भाव बोलू.”

फळ गोड होतं. दरवर्षीपेक्षा जरा पाणचट, पावसामुळे. तसं मी तिला सांगितलं. तिने तेवढा भाव कमी सांगितला. मी मान्य केला. एवढाच सौदा. बिया मी खिशात टाकल्या, कारण तिथं बशी एकच होती आणि ती परत आत द्यायची होती.

आज सकाळी दगडूने पहिल्या पाट्या उतरवल्या. दुपारी गाडा लिंबाखाली लागला, तुझ्या फ्लेक्सच्या बरोबर खाली. भावी सभापतींच्या चेहऱ्यावर कावळ्याने आपलं मत नोंदवलं आहे. असरची अजान झाली तेव्हा दगडूने गाड्यावर ओलं पोतं टाकलं. तो नमाज पढत नाही, पण त्या वेळेला गाडा झाकायचा असा भाभीचा हुकूम आहे. तो चहाला गेला. जाताना त्याला मला हाक मारायचा धीर होईना, म्हणून मीच पुस्तक घेऊन स्टुलावर जाऊन बसलो.

एक शेळी आली, काळी, कान फाटलेली. तुला ओळखीची असेल. तिने पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुस्तक खाली ठेवलं. भरवशाचं काम तुझ्याकडे होतं, ते आता भाभी बघते. शेळ्यांचं माझ्याकडे होतं, ते चालू आहे.